वीज आणि भूमीचे धनी

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं लेख लिहावयास बसलें म्हणजे शिक्षकाच्या मनांत उपदेशाचे विषय साहजिकच गर्दी करूं लागतात. यंदा मात्र उपदेशापूर्वीं एक कबुली देणें मला भाग आहे. या लेखाचा विषय मला कोणत्याही ग्रंथानें सुचविलेला नाहीं. तो एका विद्यार्थ्याच्या वहीनें सुचविला आहे, आणि त्या वहींत लाल शाईनें केलेली चूक माझी स्वतःची आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गास मीं ‘आमच्या गांवीं वीज आली’ असा निबंधाचा विषय दिला होता. बहुतेक मुलांनीं अपेक्षेप्रमाणें लिहिलें: खांब आले, तारा आल्या, एके संध्याकाळीं दिवा लागला आणि आजीनें त्याला हात जोडले. वसतिगृहांत राहणारा, सातपुड्यांतील अक्राणीच्या बाजूचा एक भिल्ल मुलगा मात्र निराळेंच लिहून घेऊन आला. त्यानें लिहिलें होतें, ‘आमच्याकडे वीज बाहेरून आली नाहीं. मी जन्मण्यापूर्वीं ती आमच्याच लोकांनीं नदीवर केली होती. माझ्या वडिलांनीं तिच्यासाठीं दगड वाहिले. पुढें ती पाण्यांत बुडाली. म्हणून आमच्या गांवीं वीज आली असें मला लिहितां येत नाहीं.’ निबंध अवघ्या दहा ओळींचा होता. मीं त्याच्याखालीं शेरा मारला, ‘कल्पना चांगली आहे, परंतु निबंधांत खरें तेंच लिहावें’, आणि दहांपैकीं चार गुण दिले.

मुलानें तक्रार केली नाहीं. वही घेऊन तो मुकाट्यानें आपल्या जागीं जाऊन बसला. दिवाळीच्या सुट्टींत त्याचे वडील त्याला न्यावयास आले, तेव्हां जाण्यापूर्वीं ते माझ्याकडे आले आणि बऱ्याच संकोचानें म्हणाले, “सर, पोरानें खोटें नाहीं लिहिलें. दगड मींच वाहिले आहेत.” मला काय उत्तर द्यावें तें सुचेना. ते निघून गेल्यावर मीं चौकशी आरंभिली, आणि जें कळलें त्यानें माझी मान खालीं गेली.

नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणी तालुक्यांत, बिलगांव नांवाचें आदिवासी गांव आहे. तेथें उदई नदीला एक धबधबा आहे. २००३ सालीं त्या धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅट शक्तीचें एक लहानसें वीजगृह उभें राहिलें. यंत्रविद्या जाणणारे तरुण केरळांतून आले. पैशाची मदत परदेशीं राहणाऱ्या भारतीयांच्या एका संस्थेनें केली. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते पाठीशीं होते. आणि दगड-माती वाहण्याचे व पाट खणण्याचे श्रम गांवानें केले. त्या कामासाठीं कोणाचें शेत बुडवावें लागलें नाहीं. नदीचें थोडें पाणी बाजूस वळवावयाचें, तें उंचावरून यंत्राच्या पात्यांवर सोडावयाचें आणि पुन्हां नदीसच परत करावयाचें, एवढीच त्यांतील युक्ति. १५ किलोवॅट म्हणजे शंभर वॅटचे दीडशें दिवे. शहरांतल्या एका मोठ्या दुकानासही ती वीज अपुरी वाटेल. परंतु ज्या डोंगरांत सरकारी तारा पोंचल्या नव्हत्या तेथें तिनें घरें उजळलीं. ‘स्वदेस’ नांवाचा चित्रपट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. २००४ सालीं आलेल्या त्या चित्रपटांतील गांवच्या विजेच्या प्रसंगामागें बिलगांवची हकीकत होती, असें सांगितलें जातें. म्हणजे ती हकीकत पडद्यावर पाहून मीं टाळ्या वाजविल्या होत्या, आणि विद्यार्थ्याच्या वहींत वाचून मात्र ती खोटी ठरविली!

२००६ सालच्या पावसाळ्यांत पाणी चढलें आणि तें वीजगृह बुडून निकामी झालें. हें पाणी सरदार सरोवराच्या फुगवट्याचें होतें, असें गांवकऱ्यांचें व आंदोलनाचें म्हणणें आहे. त्याच वर्षीं त्या धरणाची भिंत सुमारें १२२ मीटरपर्यंत चढविण्यास परवानगी मिळाली होती. महाराष्ट्रांतील ३३ आदिवासी गांवांना या धरणाच्या बुडिताची झळ लागली. धरणावरील वीजगृहांची एकंदर शक्ति १४५० मेगावॅट असून त्या विजेचा २७ टक्के हिस्सा महाराष्ट्राचा आहे. पाण्यापासून होणाऱ्या या विजेंत धूर नाहीं. म्हणून तिलाही स्वच्छ वीज म्हणतात. एक स्वच्छ वीज डोंगरांतल्या लोकांनीं केली होती, दुसरी त्यांच्या भूमीवरून इतरांसाठीं झाली. आणि पहिली टिकली नाहीं.

त्या दिवसापासून एक प्रश्न मीं स्वतःस वारंवार विचारला आहे. मुलाच्या दहा ओळींवर माझा विश्वास कां बसला नाहीं? त्याचें अक्षर वाईट नव्हतें, भाषा सरळ होती, आणि तो मुलगा खोटें बोलणारा नव्हता हेंही मला ठाऊक होतें. तथापि यंत्रांची, विजेची व हवापाण्याची विद्या शहराकडून डोंगराकडे जाते, डोंगराकडून शहराकडे कांहीं येत नाहीं, अशी माझी बालपणापासूनची समजूत होती. आदिवासी म्हणजे ज्याला द्यावयाचें तो. ज्याच्यापासून घ्यावयाचें, ज्याच्या मागून चालावयाचें, असा आदिवासी माझ्या कल्पनेंत बसतच नव्हता. ही समजूत माझ्या एकट्याची असती तर तिच्याविषयीं वार्षिक अंकांत लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु आज पृथ्वी तापत असतां, कोळसा व तेल यांच्याऐवजीं ऊन, वारा व पाणी यांपासून वीज करण्याची घाई सर्व राष्ट्रांना झाली असतां, याच समजुतीनें जगभर कारभार होऊं पाहत आहे. माझें मत असें आहे कीं, ज्यांच्या भूमीवर अशी वीज व्हावयाची ते मूळचे रहिवासी त्या कामाचे धनी असले पाहिजेत, आणि ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांस असला पाहिजे. तसें नसेल तर त्या विजेंत धूर नसला तरी तिला स्वच्छ म्हणतां येणार नाहीं.

बिलगांवचें काम तीन-चार वर्षांत संपलें. तेव्हां असें काम कोठें टिकलें आहे काय, हें शोधण्याची मला उत्सुकता लागली. त्याचें एक उत्तर पृथ्वीच्या अगदीं दुसऱ्या टोकास सांपडलें.

कॅनडा देशाच्या वायव्य कोपऱ्यांत युकॉन नांवाचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तरेस, उत्तरध्रुववृत्ताच्याही पलीकडे, पॉर्क्युपाइन नदीच्या कांठीं ओल्ड क्रो हें गांव आहे. वस्ती अदमासें अडीचशें. बाहेरून गांवास जाणारा बारमाही रस्ता नाहीं. माणूस असो वा मिठाची पिशवी, सामान्यतः विमानानेंच यावयाचें. येथें राहणाऱ्या लोकांना वुंटुट ग्विचिन, म्हणजे सरोवरांमधले लोक, असें म्हणतात. गांवाच्या उत्तरेस हजारों लहानमोठ्या सरोवरांचा सखल प्रदेश आहे. तेथील शिकार, मासे आणि दरसाल त्या बाजूनें जाणारे कॅरिबू हरणांचे प्रचंड कळप यांवर हे लोक पिढ्यानपिढ्या जगत आले. या समाजानें कॅनडा सरकाराशीं दीर्घकाळ वाटाघाटी करून १९९३ सालीं करार केला, आणि १९९५ पासून त्यांच्या भूमीचा कारभार पुष्कळ अंशीं त्यांच्या स्वतःच्या सरकाराकडे आला. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

हवामान बदलत आहे हें या लोकांना कोणा परिषदेनें सांगावें लागलें नाहीं. त्यांच्या पायांखालची जमीन शेंकडों वर्षें बारमास गोठलेली होती. ती विरघळूं लागली. २००७ सालीं झेल्मा नांवाच्या सरोवराचा कांठ फुटून त्याचें बहुतेक पाणी थोडक्याच दिवसांत वाहून गेलें. त्याच सुमारास, आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्तानें, या समाजानें शास्त्रज्ञांना आपल्या प्रदेशांत बोलाविलें आणि कोणत्या गोष्टींचा शोध घ्यावा हें स्वतः पुढाकार घेऊन ठरविलें. वृद्ध शिकाऱ्यांना बर्फाची, पाण्याची व जनावरांची पिढीजात माहिती होती. शास्त्रज्ञांजवळ मोजमापाचीं साधनें होतीं. दोहोंची सांगड घालून अभ्यास झाला. पुढें नदींतले मासेही आटले. युकॉन नदीच्या खोऱ्यांत चिनूक जातीचे सॅमन मासे इतके कमी झाले कीं, २०२४ सालीं कॅनडा व अलास्का यांनीं त्यांची मासेमारी सात वर्षें थांबविण्याचें ठरविलें.

मे २०१९ मध्यें वुंटुट ग्विचिन सरकारानें हवामानाच्या संकटामुळें आणीबाणी जाहीर केली. त्या वेळीं डॅना टिझिया-ट्रॅम हे तरुण गृहस्थ त्यांचे प्रमुख होते. जाहीरनाम्यास त्यांनीं आपल्या भाषेंत जें नांव दिलें त्याचा भावार्थ असा: आमच्या मागें हें जग कसें असेल? कॅनडाच्या लोकसभेनें असाच ठराव केला तो त्यानंतर, त्याच वर्षाच्या जून महिन्यांत. अडीचशें माणसांचें गांव पुढें आणि एवढें मोठें राष्ट्र मागें, असा हा क्रम होता.

परंतु नुसता ठराव करून हे लोक थांबले नाहींत. ओल्ड क्रोची वीज अनेक दशकें डिझेलच्या इंजिनांवर होत असे, आणि तें डिझेल विमानानें आणावें लागे. म्हणजे तेल आणण्यासाठींही तेलच जाळावयाचें. इंजिनांची घरघर गांवांत अहोरात्र चाले. समाजाच्या सरकारानें ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प उभारला आणि २०२१ सालीं तो चालूं झाला. उन्हाळ्यांत त्या प्रदेशीं सूर्य कित्येक आठवडे मावळतच नाहीं. आकाशांत चहूंकडे फिरणाऱ्या त्या सूर्याचें ऊन दिवसभर मिळावें म्हणून सौर पॅनेलें पूर्व-पश्चिम अशीं मांडलीं आहेत. या प्रकल्पामुळें दरसाल सुमारें १,८९,००० लिटर डिझेल वांचेल असा अंदाज बांधण्यांत आला. गांवास वर्षभर लागणाऱ्या विजेचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांतून निघतो, आणि भर उन्हाळ्यांत डिझेलचीं इंजिनें बंद ठेवतां येतात. प्रकल्प समाजाच्या मालकीचा आहे. तयार झालेली वीज कंपनी २५ वर्षांच्या करारानें विकत घेते आणि त्याचे पैसे समाजाच्या सरकाराकडे जमा होतात. हिवाळ्यांत सूर्य उगवतच नाहीं तेव्हां डिझेलवांचून गत्यंतर नाहीं, हें ते स्वतःही लपवीत नाहींत.

बिलगांव आणि ओल्ड क्रो यांचा मेळ घालून पाहिला असतां मला एक फरक विशेष दिसतो. श्रम दोन्हीकडे झाले, बुद्धि दोन्हीकडे होती, बाहेरचें साह्यही दोघांनीं घेतलें. परंतु ओल्ड क्रोच्या लोकांच्या हातीं आपल्या भूमीचा कारभार होता, आणि बिलगांवच्या लोकांच्या हातीं, खालच्या बाजूस किती पाणी अडवावें, हें ठरविण्याचा कांहींच अधिकार नव्हता.

हें पुढारीपण या लोकांना एकाएकीं सुचलें असेंही नाहीं. १९८८ सालीं, जगांत हवामानबदलाची चर्चा नुकती कोठें सुरू होत असतां, अलास्का व कॅनडा येथील सर्व ग्विचिन गांवांचे लोक एके ठिकाणीं जमले, आणि कॅरिबूंच्या माद्या जेथें वितात त्या किनाऱ्यावर तेलाच्या विहिरी होऊं द्यावयाच्या नाहींत असा त्यांनीं निश्चय केला. त्या कामासाठीं २००२ सालचा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार तिघांना मिळाला. त्यांपैकीं नॉर्मा कॅसी या ओल्ड क्रोच्या कन्या.

आतां याच्या उलट बाजूचें एक उदाहरण सांगतों. कारण धनी वगळून केलेली स्वच्छ वीज कोठें नेते, हें त्यावरून दिसेल. नॉर्वे देशांत फोसेन नांवाचा द्वीपकल्प आहे. तेथें सामी नांवाचे मूळचे रहिवासी रेनडियर पाळून उपजीविका करतात. त्यांच्या हिवाळी कुरणांत स्टोरहैया व रोआन या दोन ठिकाणीं मिळून १५१ पवनचक्क्या उभारण्यांत आल्या. सामी लोक प्रथमपासून विरोध करीत होते; तरी काम पुरें झालें. रेनडियर त्या पात्यांच्या आसपास फिरकेनात. खालच्या न्यायालयानें तोडगा काढला कीं, जनावरांना हिवाळ्यांत विकतचा चारा घालावा आणि त्याचे पैसे भरून द्यावेत. ११ ऑक्टोबर २०२१ रोजीं नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, परवाने अवैध आहेत. कारण अल्पसंख्य समाजास आपल्या संस्कृतीप्रमाणें जगण्याचा जो हक्क आंतरराष्ट्रीय करारानें दिला आहे त्याचा यांत भंग झाला आहे. निकालास ५०० दिवस लोटले तरी चक्क्या फिरतच होत्या. तेव्हां फेब्रुवारी २०२३ मध्यें सामी तरुण-तरुणी राजधानींतील ऊर्जा मंत्रालयांत जाऊन बसले. त्यानंतर मंत्र्यांनीं क्षमा मागितली आणि पुढील वर्षभरांत पशुपालकांशीं करार झाले. पवनचक्क्या मात्र अद्याप तेथेंच आहेत.

शास्त्रवाचनाच्या तासास आपण नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वाचतों. अहाब राजानें तो मळा फुकट मागितला नव्हता. याहून चांगला मळा देतों, नाहींतर रोख किंमत देतों, असेंच तो म्हणाला. नाबोथाचें उत्तर एकच होतें, कीं हें वाडवडिलांचें वतन आहे. ती गोष्ट मीं अनेक वर्षें ईजबेल राणीच्या दुष्टपणाची गोष्ट म्हणून शिकविली. फोसेनची हकीकत वाचल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, राणी रंगभूमीवर येण्यापूर्वींच चूक घडली होती. नाबोथ ‘नाहीं’ म्हणूं शकतो, हें राजाला सोसलें नाहीं आणि तो अंथरुणावर तोंड फिरवून पडला. आपल्या हातून सत्कार्यच घडत आहे अशी ज्याची खात्री असते त्याला तर नकार सोसणें अधिकच कठीण जातें. भूमि भाजीच्या मळ्यासाठीं मागितलेली असो वा पवनचक्कीसाठीं, धन्याला विचारण्याचें कर्तव्य त्यामुळें कमी होत नाहीं.

येथवर दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां आपल्या घरचा एक दोष सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. ख्रिस्ती मिशनांनीं ग्विचिन लोकांत दोन प्रकारचें काम केलें. रॉबर्ट मॅक्डॉनल्ड या पाद्र्यांनीं त्यांची भाषा शिकून, त्यांच्याच लोकांच्या साह्यानें संपूर्ण बायबल त्या भाषेंत आणलें. तें १८९८ सालीं छापून निघालें. हें काम आदराचें होतें, कारण त्यांत शिकविणारा प्रथम शिकला होता. परंतु त्याच देशांत सरकारच्या पैशानें व निरनिराळ्या चर्चांच्या व्यवस्थेखालीं निवासी शाळा चालविल्या गेल्या. मूळ रहिवाशांचीं सुमारें दीड लाख मुलें त्यांत घातलीं गेलीं, पुष्कळदां आईबापांपासून ओढून. युकॉनमध्यें कारक्रॉस येथें अशी एक शाळा १९११ पासून १९६९ पर्यंत होती. अशा शाळांत स्वभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. आजोबांना बर्फाची व जनावरांची जी माहिती होती ती रानटी समजली जाई. तीन हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद सत्यशोधन व समेट आयोगानें केली आणि २०१५ सालीं आपला अंतिम अहवाल दिला. शेवटची शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाली. युनायटेड चर्चनें १९८६ सालीं, अँग्लिकन चर्चनें १९९३ सालीं, कॅनडा सरकारानें २००८ सालीं व पोप फ्रान्सिस यांनीं २०२२ सालीं क्षमा मागितली.

मिशन शाळेच्या शिक्षकानें मिशन शाळेच्या अंकांत हें लिहावें काय, असें कोणी विचारील. मला वाटतें, त्यानेंच लिहावें. आपली शाळा तशी नाहीं. येथें मुलें आईबापांच्या इच्छेनें येतात व सुट्टीला घरीं जातात, हें मीं कृतज्ञतेनें सांगतों. या शाळेनें माझ्यासारख्या पुष्कळांना अक्षर दिलें, अन्न दिलें आणि मान दिला. परंतु ज्या वृत्तीनें तिकडे मुलाच्या तोंडची भाषा बंद केली, तिचाच एक बारीकसा अंश माझ्या लाल शाईंत होता. मीं त्या मुलाला मारलें नाहीं, रागावलोंही नाहीं. तुझ्या घरची हकीकत खरी असूं शकत नाहीं, एवढेंच सांगितलें.

आतां या मतावर जे आक्षेप येतील त्यांचा थोडक्यांत विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, हे प्रकल्प फार लहान आहेत. सरदार सरोवराची शक्ति ओल्ड क्रोच्या दीड हजारपट आहे. कोट्यवधि लोकांच्या देशाला अशा खेळण्यांचा काय उपयोग? आक्षेप खोटा नाहीं. मुंबई-पुण्याचे कारखाने ओढ्याच्या धबधब्यावर चालणार नाहींत; मोठीं कामें होणारच, आणि व्हावींत. माझें म्हणणें त्यांच्या आकाराविषयीं नाहीं. काम जितकें मोठें तितकीं त्याखालीं येणारीं घरें अधिक, आणि म्हणून धन्याला विचारण्याची जबाबदारीही अधिक. शिवाय फोसेनकडे पाहा: आधीं न विचारल्यामुळें तेथील कंपनीला व सरकारला वर्षानुवर्षें न्यायालयांत घालवावीं लागलीं. हवामानाच्या संकटांत वेळ हेंच मोठें धन आहे असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेबही मांडावा.

दुसरा आक्षेप असा कीं, मूळ रहिवासी सर्व साधुसंत आहेत असें मानणें भाबडेपणाचें आहे. हेंही मला मान्य आहे. ग्विचिन लोक ज्या किनाऱ्यावर तेल नको म्हणतात, त्याच किनाऱ्यावरील काक्टोविक गांवाच्या इनुपिअट लोकांच्या पुढाऱ्यांनीं तेलाच्या बाजूनें मत दिलें आहे. त्यांना शाळा, दवाखाने व नळाचें पाणी तेलाच्या करांतून मिळालें. आदिवासी हा माणूस आहे. तो चुकेल, मतभेद करील, मोहांतही पडेल. परंतु ज्याच्या बुद्धीवर आपला विश्वास आहे त्यालाच आपण चुकण्याचा अधिकार देतों. त्याला देव्हाऱ्यांत बसवूं नये आणि दारांतही उभें करूं नये. ज्या बैठकींत त्याच्या भूमीविषयीं निर्णय होतो तेथें त्याला आसन असावें, इतकेंच माझें मागणें आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. “सर, आम्ही मुलाला शाळेंत घातलें तें डोंगरांतून बाहेर काढण्यासाठीं, तुम्ही त्याला पुन्हां डोंगराकडे कां वळवितां?” असें एका मातेनें मला विचारलें होतें. बाई, आपलें म्हणणें न्याय्य आहे. आपल्या मुलानें इंग्रजी शिकावें, गणितांत पैकीच्या पैकी गुण मिळवावेत, अभियंता व्हावें, मुंबईस जावें, विलायतेसही जावें. त्यास आमचा आशीर्वाद आहे. फक्त तें सर्व शिकत असतां त्यानें आजोबांची लाज बाळगूं नये. ओल्ड क्रोच्या लोकांनीं शास्त्रज्ञांना घरीं बोलाविलें तें स्वतःची विद्या टाकून देऊन नव्हे. आणि उद्यां डोंगरावर पवनचक्कीचा किंवा माळावर सौरप्रकल्पाचा करार घेऊन कोणी आलें, तर त्या कागदावरील बारीक अक्षर वाचणारा मनुष्य गांवांत असला पाहिजे. तो आपलाच मुलगा, आपलीच मुलगी, कां नसावी?

विद्यार्थीमित्रहो, शेवटीं तुम्हांस एक काम सांगतों. येत्या सुट्टींत घरीं गेल्यावर घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या ओढ्याला तुमच्या लहानपणीं कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, आणि आतां कोणत्या महिन्यापर्यंत असतें? मोहाचीं फुलें पूर्वीं केव्हां पडत, आतां केव्हां पडतात? घरांत दिवा कशाचा लागे, आणि त्याला इंधन कोठून येई? शेतकऱ्याच्या घरचा विद्यार्थी असेल त्यानें मोहाऐवजीं आंब्याच्या मोहोराविषयीं विचारावें. शहरांतल्यानें विहिरीविषयीं विचारावें. जें उत्तर मिळेल तें त्यांच्याच शब्दांत, मग ते भिली असोत, पावरी असोत वा अहिराणी, वहींत उतरून आणा. त्यांत चूक काढावयाची नाहीं असें मीं ठरविलें आहे. मोजमाप करणें, पर्जन्याच्या नोंदींशीं ताडून पाहणें, हें काम मग आपण विज्ञानाच्या तासास मिळून करूं.

त्या मुलाविषयीं सांगावयाचें राहिलें. सुट्टीनंतर तो परत आला तेव्हां मीं सर्व वर्गासमक्ष त्याची वही मागून घेतली, माझा शेरा खोडला आणि त्याच्याखालीं लिहिलें, ‘निबंध खरा आहे. चूक शिक्षकाची.’ गुणही बदलले. तो हंसला नाहीं किंवा आनंदानें फुललाही नाहीं. वही बंद करून त्यानें एवढेंच विचारलें, “सर, तें यंत्र पुन्हां करतां येईल का?” आज तो एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्रीचा अभ्यास करीत आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आजही तें एकट्या यंत्रविद्येंत नाहीं. नदीचें पाणी कोणी किती अडवावें, हें ठरविणाऱ्यांत त्याच्या गांवाचा माणूस बसेल, त्या दिवशीं तें देतां येईल. आमच्या मागें हें जग कसें असेल, असें ओल्ड क्रोच्या लोकांनीं विचारलें. त्या मुलानें माझ्या वर्गांत विचारलेला प्रश्न मला त्याहून निराळा वाटत नाहीं.